शेजारची सीट

लिफ्ट थांबायला आली तसा तिने डाव्या पायाने क्लच दाबला. आता लिफ्टमध्ये कुठला आलाय क्लच? पण दाबला खरा. टाच टेकलेली, चवडा खाली, गुडघा ताठ, सगळं अगदी शिस्तीत. आणि हलका हिसका देऊन लिफ्टने मजला गाठला तेव्हा पाय सावकाश वर घेतला, जसा घ्यायचा असतो तसा. शेजारी खोकं घेऊन उभा असलेला कुरिअरवाला तिच्या बुटाकडे बघत होता. झुरळबिरळ चिरडलं असेल बाईंनी, असं त्याला वाटलं असावं.  ती पॅसेजमधून चालत गेली, लॅबचं दार उघडलं, प्लास्टरचा आणि तापलेल्या मेणाचा रोजचा वास नाकात गेला, पर्स खुंटीला लावली, आणि मग कुठे तिने आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. क्लच तिने आयुष्यात अगणित वेळा दाबला होता. पण बहुतेक वेळा तो तिथे नव्हताच.

ती कवळ्या करायची. म्हणजे दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे आणि त्यावरून ही दात उभे करायची, कधी एकुलता एक, कधी वरचे-खालचे पुरे. तिच्या हाताला नाव होतं. शेजारच्या खऱ्या दातावर सिगारेटचा डाग असला तर नव्या दातावरही ती तसाच पुसट डाग चढवायची, घरच्यांनासुद्धा ओळखू येऊ नये असा. पण तिचं स्वतःचं एक खूळ होतं आणि ते ती कोणाला फारसं सांगत नसे. दात हुबेहूब झाला आणि माणसाला त्याने चावता आलं नाही, तर ती तो परत मागवायची, घासायची, उंची उतरवायची, त्याचं रूप बिघडलं तरी बिघडू द्यायची. चावता आलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. त्या सकाळी एका खालच्या जबड्यासमोर ती बसली, चिमटा हातात घेतला, आणि हात काही केल्या चालेना. आदल्या संध्याकाळी धाकट्याचा फोन आला होता. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, दुसऱ्या शहरात, आपल्या संसारात बुडालेला. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यांच्या वस्तूंची वाटणी दोघांनी गोडीगुलाबीने केली होती. दुर्बीण त्याला, नकाशे त्याला, रेडिओ तिला. राहिली होती गाडी. तिचं काय करायचं, असं तिने विचारलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "तूच घे ना ताई. तूच बसायचीस तिच्यात."

बस, एवढंच. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला काहीतरी उत्तर देता येतं. त्याने जे होतं ते सांगितलं आणि पुढचा घास घेतला. तिनेही फोन ठेवून ताट वाढून घेतलं. रात्रभर झोप बरी लागली, सकाळी भूकही लागली, सगळं यथास्थित. आणि लिफ्टमध्ये तिच्या पायाने असा तिला न विचारता जबाब दिला.

गाडी आजोबांची. शहर सोडून निघालेल्या एका वैमानिकाकडून त्यांनी ती हौसेने घेतली होती. गडद हिरवी, कापडी टपाची, बॉनेट लांबच लांब आणि बसायची जागा इतकी खाली की रस्त्यावरचं कुत्रं डोळ्याला डोळा भिडवून बघायचं. आजोबांनी चालवणं सोडल्यावर ती बाबांकडे आली. बाबा भूगोल शिकवायचे. घरात त्यांच्या तोंडून ओ की ठो निघायचं नाही, पण त्या गाडीत बसले की शीळ घालायचे आणि बोलायला लागायचे. आता अडचण अशी की घरात माणसं चार आणि गाडीत सीट दोन. ही काही फार मोठी अडचण नव्हे, पण त्यांच्या घरातली पुढची सगळी वर्षं याच अडचणीने खाल्ली. दर रविवारी शहराबाहेरच्या तलावावर जायचं असे. बाबा आणि ती गाडीने. आई आणि धाकटा बसने, डबा, चटई, टॉवेल, पाण्याची बाटली घेऊन. का, तर आईला गाडी लागते. हे वाक्य घरात वीज-पाण्यासारखं होतं, कोणी त्याच्याबद्दल विचार करत नसे. पाहुण्यांना ते सांगितलं जायचं, टॅक्सीवाल्यांना सांगितलं जायचं, औषधाच्या दुकानातून उलटीच्या गोळ्यांची पट्टी न सांगता यायची. जिला गाडी लागते तिला बस कशी लागत नाही, हा प्रश्न त्या शिकल्यासवरल्या घरात एकालाही पडला नाही. उलट बाबांनी त्याचं कारणही शोधून ठेवलं होतं. गाडी जमिनीला चिकटून जाते, बस उंच असते, डोळ्यांना क्षितिज दिसत राहतं, म्हणून मळमळत नाही. भूगोलाच्या माणसाने क्षितिज म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

पण तिला माहीत होतं. हे वाक्य कुठून आलं ते घरात फक्त तिला माहीत होतं, असं ती धरून चालली होती. तेव्हा ती पहिलीत असेल नसेल. फाटकासमोर गाडी घरघरत उभी, आई शेजारच्या सीटवर बसलेली, डोक्याला निळा रुमाल बांधलेला, मांडीवर तान्हा धाकटा. हिला त्या दिवशी आजोबांकडे ठेवायचं ठरलं होतं. हिने गाडीचं दार दोन्ही हातांनी धरलं आणि असं भोकाड पसरलं की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. बाबा स्टिअरिंगवर बोटं आपटत होते. आईने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग रुमाल सोडला आणि खाली उतरली. मला मळमळतंय, म्हणाली, हल्ली लागते मला गाडी, तुम्ही दोघं व्हा पुढे, आम्ही बसने येतो. सीट अजून कोमट होती. ती त्या कोमट सीटवर चढून बसली, रडं तिथल्या तिथे थांबलं, आणि गाडी सुटल्यावर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. एवढं सगळं आठवतं आणि मागे वळून पाहिल्याचं तेवढं आठवत नाही, याचा अर्थ पाहिलंच नसणार, असा हिशेब तिने पुढे मोठेपणी हजारदा मांडला.

आणि मग रविवारांमागून रविवार. बाबांचा पाय क्लचवर गेला की हिचा पायही पायाखालच्या रबरी चटईवर दाबला जायचा, बाबा "हं" म्हणाले की ही दांड्याला हात लावायची आणि दोघं मिळून गिअर बदलायचे. तो डोंगर कसा तयार झाला, हा ओढा कुठे जाऊन मिळतो, बाबा सांगत राहायचे आणि ती सगळं पाठ करायची, कारण त्या सीटचं भाडं आपण असं फेडतोय असं तिला वाटायचं. खाणीच्या वळणावर बस गाठायची. बाबा दोनदा हॉर्न द्यायचे, ही उभी राहून हात हलवायची, वर खिडकीत आई असायची आणि तिचं लक्षच नसायचं. मग तलावाच्या स्टॉपवर जाऊन बसची वाट बघायची. बस यायची, दार उघडायचं, आई एका हातात पिशवी आणि खांद्यावर झोपलेला धाकटा घेऊन उतरायची, आणि ही धावत जाऊन ओरडायची, "आम्ही आधी आलो!" त्या क्षणी आईचा चेहरा. तो चेहरा तिच्या मनातून कधी गेला नाही. आधी कोरा, घरात कोणी नसावं तसा. मग एकदम मिटलेला. आणि मग ओठांवर आणलेलं हसू. लहानपणी तिला त्याची नुसती भीती वाटायची. पुढे त्याचा अर्थ लागला, किंवा लागला असं तिला वाटलं. आपण जिची जागा घेतली ती बाई घामाघूम होऊन बसमधून उतरते आणि आपण तिला पहिला नंबर आल्याचं ओरडून सांगतो. मोठी झाल्यावर तिने आईला काय काय दिलं. खिडकीजवळची खोली दिली, मऊ गादी दिली, थिएटरात कडेची खुर्ची दिली, लग्नाचं मनावर घेतलं नाही त्यातही थोडं हेच होतं. पण जी घेतली होती ती जागा काही परत देता आली नाही. बाबांच्या शेवटच्या काही वर्षांत गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती, आणि आईचा खुबा असा आखडला होता की खुर्चीतून उठायलाही तिला टेबलाचा आधार लागायचा. आता शस्त्रक्रियेचं घाटत होतं. त्या वयात, त्यातून काय निघेल कोणी सांगावं? म्हणजे जे करायचं ते आत्ताच.

म्हणून संध्याकाळी ती थेट गॅरेजात गेली. गॅरेजवाल्याला सगळे ओरिजिनल म्हणायचे, कारण तो दर वाक्यात एकदा तरी ओरिजिनल म्हणायचा. जुन्या गाड्यांसाठी जीव टाकणारा, मिशा चापूनचोपून बसवलेला, आणि गिऱ्हाईक म्हणजे गाडी आणि आपण यांच्यामध्ये आलेली एक ब्याद असं मानणारा. टोचन करून आणलेली गाडी पाहून तो तिच्याभोवती फिरला, बॉनेटखाली डोकं घालून एकेक भाग तपासत राहिला आणि मग म्हणाला की सगळं ओरिजिनल आहे, स्क्रूसुद्धा. इंजिन उघडायला लागेल, रंग खरवडून पुन्हा त्याच छटेचा द्यायला लागेल, पण गाडी जशी फॅक्टरीतून निघाली तशी उभी करतो, तुम्ही फक्त मध्ये पडू नका. मग तिने सांगितलं काय हवंय ते. शेजारची सीट काढायची. तिच्या जागी उंच, फिरती सीट, न्हाव्याच्या खुर्चीसारखी बाहेरच्या बाजूला वळणारी. दाराच्या बिजागऱ्या बदलून दार पुरतं सपाट उघडलं पाहिजे. काचेच्या चौकटीला धरायला दांडा. आणि स्प्रिंगा मऊ. ओरिजिनलचा चेहरा असा झाला की घरातलं कोणी गेल्याची बातमी यावी. तो म्हणाला, मॅडम, हे पाप करायला सांगताय तुम्ही. तिने त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला, की तीसुद्धा हेच काम करते, जुन्यासारखं नवं उभं करायचं, पण जे वापरता येत नाही ते कितीही ओरिजिनल असलं तरी तोंडात नुसतं टोचतं. तो म्हणाला, दात वेगळे, गाडी वेगळी. शेवटी तिने हात टेकले आणि खरं काय ते सांगितलं. आईला बसवायचंय, एकदा. यावर तो मिशी चाचपत राहिला. जुनी सीट मी फेकणार नाही, म्हणाला, कापडात गुंडाळून देतो, घरी ठेवा. हे मान्य झालं आणि काम सुरू झालं.

ते महिने तिचे विचित्र गेले. दिवसा दुसऱ्यांचे जबडे आणि संध्याकाळी गॅरेजात उघडी पडलेली गाडी. आजोबांच्या हौसेचा आणि बाबांच्या शिळेचा एवढा सांगाडा, आणि तो आपण कापायला सांगितलाय. कधी तिला वाटायचं आपण बाबांचं काहीतरी उपटतोय, कधी वाटायचं बरं झालं, एवढं ओरिजिनल जपून कोणाचं भलं झालं? एकदा ओरिजिनलने शेजारच्या सीटपुढची रबरी चटई उचलून तिला दाखवली. डाव्या बाजूला टाचेपुरता आणि चवड्यापुरता रबर झिजून गुळगुळीत झाला होता, खालचा पत्राही चकाकत होता. इथे तर पेडल नाही, त्याने विचारलं, मग इथे कोणाचा पाय होता? तिने आपला पाय मागे घेतला, चोरासारखा. पत्रा नवा टाकू का, असं त्याने विचारलं तेव्हा ती नको म्हणाली, तेवढं राहू द्या.

घरात आई नेहमीसारखी. गाडी तयार झाली की बसशील ना, असं तिने विचारलं तेव्हा आई म्हणाली, "बघू." आता आईच्या "बघू"चा अर्थ घरातल्या भिंतींनाही माहीत होता. बघू म्हणजे नाही. एवढ्या वर्षांत त्या शब्दाचा दुसरा अर्थ निघालेला कोणी पाहिला नव्हता. तिने पुन्हा विचारलं नाही, पण सीटचं कापड निवडायला नमुने आणून मुद्दाम टेबलावर पसरले. आईने एक निळा तुकडा बोटांत धरून पाहिला, छान आहे म्हणाली, आणि पिशवी घेऊन बाहेर पडली. हेही एक नवीनच होऊन बसलं होतं. खुबा आखडलेला, हातात काठी, तरी आठवड्यातून दोनतीनदा दुपारची आई बाहेर पडायची, "जाऊन येते" म्हणून, आणि उन्हं उतरल्यावर परत यायची, एक सुईदोरा नाहीतर एक लिंबू घेऊन. कोपऱ्यावर दुकान असताना एवढा वेळ कुठे जातो, असं ती करवादून विचारायची. आई म्हणायची, रांग होती. लिंबाला कुठली आलीय रांग? तिला धसकाच बसला होता. कुठे रस्ता तर विसरत नाही, कुठे बाकावर एकटी बसून रडत तर नाही. रडत असेल तर कशावरून, याचं उत्तर मनाशी तयारच होतं. बाबा गेल्यापासून सगळी उत्तरं त्या एका फाटकापाशीच जाऊन थांबायची.

गाडी तयार झाली तो दिवस सुट्टीचा होता. ओरिजिनल स्वतः ती दारापर्यंत घेऊन आला, कारण दुसऱ्या कोणाच्या हाती त्याचा भरवसा नव्हता. तिलाही त्याने दहा सूचना दिल्या; थंड इंजिन रेटू नका, हाफ क्लचवर अजिबात चालवू नका, प्लेट जळते, मग माझ्याकडे रडत येऊ नका. बोलता बोलता त्याची नजर फिरत्या सीटकडे जायची आणि तो लगेच दुसरीकडे बघायचा. हिरवा रंग उन्हात असा काही दिसत होता की ती क्षणभर पहिलीतली झाली. मग आई खाली आली. डोक्याला रुमाल बांधलेला. निळा नव्हे, करडा होता, पण रुमाल होता, म्हणजे या "बघू"चा अर्थ चक्क हो निघाला होता. दार पुरतं उघडलं. सीट बाहेर वळली. आई पाठमोरी झाली, दांड्याला धरून बसली, आणि सीट सावकाश आत वळली, पाय आपोआप आत आले. एवढ्या सहज, की आपण इतके महिने कशासाठी छाती धडधडवून घेतली असं तिला वाटलं. ओरिजिनल बाजूला उभा राहून बघत होता. त्याने खिशातून फडकं काढून, जिथे कोणाचा हातसुद्धा लागला नव्हता तिथे बॉनेट पुसलं.

ती चालवायला लागली. शहरातले सिग्नल, मग गोदामं, मग मोकळा रस्ता. क्लच आता खरोखर पायाखाली होता, जड, स्प्रिंगचा, पाय मागे ढकलणारा. तिचं लक्ष रस्त्यापेक्षा आईकडे. प्लास्टिकची पिशवी तिने दाराच्या कप्प्यात ठेवली होती, उलटीच्या गोळ्या समोर ठेवल्या होत्या, त्यांना आईने हात लावला नव्हता. आई समोर बघत होती. आता तोंड फिरवेल, आता म्हणेल थांबव. खाणीचं वळण आलं आणि गेलं, पुढे बसबिस काही नव्हतं. तिने बाबांसारखा डोंगर दाखवला, हा कसा तयार झाला माहीत आहे का, असं उगाचच विचारलं. आई म्हणाली, हो का. हे "हो का" तिने आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या कानाला काहीतरी लागलं.

तलावाच्या काठाला गाडी उभी केली. पाणी तसंच होतं.  इंजिन थंड होताना टिकटिक वाजत होतं. हिने सगळं तयार करून ठेवलं होतं मनात, कसं म्हणायचं, कुठून सुरुवात करायची, आणि आता ती किल्लीशी चाळा करत बसली होती. शेवटी आईच बोलली, गोळ्यांची पट्टी उचलून तिच्याकडे बघत.

"मला गाडी लागत नाही गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "माझ्यामुळे उतरलीस तू. फाटकात. मी रडत होते म्हणून."

आईने तिच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा फाटकात पाहिलं होतं तसंच, बराच वेळ. "हे तू एवढी वर्षं डोक्यात ठेवलंस?"

"मी तुझी जागा घेतली."

"त्या दिवशी उतरले ते तुझ्यासाठी, ते खरं आहे," आई म्हणाली. "पण पुढच्या रविवारी तुझे बाबा म्हणाले होते, आज तू बस, मी समजावतो तिला. मीच नको म्हटलं."

"का?"

"मला बस आवडली."

मग आईने सांगितलं, थांबत थांबत, मधेच हसत, एखादी चोरी सांगावी तसं. बस सुटली की धाकटा झोपून जायचा, पार मेल्यासारखा, आणि मग तासभर तिला कोणी काही विचारायचं नाही. टॉवेल कुठे आहे विचारायचं नाही, मीठ कमी का पडलं विचारायचं नाही. गाडीत बसायचं म्हणजे तुझ्या बाबांचे डोंगर आणि ओढे. माणूस सोन्यासारखा, पण गाडीत बसला की वर्ग घ्यायचा, आणि आपण हो का, हो का करत मान हलवायची. बसमध्ये ती कोणाची आई नसायची, कोणाची बायको नसायची, खिडकीतली एक बाई असायची. लोकांच्या गच्च्या दिसायच्या, वाळत घातलेले कपडे दिसायचे, कोणाच्या घरात काय भांडण चाललंय ते मनाशी रचत बसायची. आठवडाभर ती त्या तासाची वाट बघायची. बरं, एकदा लागते म्हटल्यावर पुढे टॅक्सीतही लागायलाच हवी होती, नाहीतर बिंग फुटलं असतं. मग त्या गोळ्या ती तोंडात धरायची आणि घरी आल्यावर गॅलरीतल्या कुंडीत टाकायची. ते झाड काही जगलं नाही, आई म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आता दुपारचीही ती बसनेच जायची. डेपोपर्यंत जायचं, त्याच बसने परत यायचं. उतरताना लिंबू घ्यायचं, काहीतरी हातात हवं म्हणून.

 एक प्रश्न मात्र उरला होता. मग बसमधून उतरलीस की तुझा चेहरा तसा का व्हायचा, तिने विचारलं. आई म्हणाली, कसा? पडलेला, ती म्हणाली. मी धावत यायचे आणि तुझा चेहरा पडायचा. दर रविवारी.

आईने आठवून पाहिलं. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "अगं, स्टॉप आलेला असायचा ना."

जीव भांड्यात पडणं म्हणतात ते तिला त्या मिनिटाला, अक्षरशः, छातीच्या मधोमध समजलं. इतकी वर्षं उराशी धरलेलं ओझं, आणि उघडून बघावं तर आत एक बाई आपल्या खिडकीतून उतरायला लागतंय म्हणून खट्टू झालेली. तेवढंच. ती हसायला लागली. हसता हसता तिला थोडा रागही आला, गोळ्यांचा, कुंडीतल्या झाडाचा, आपण कडेची खुर्ची सोडत आलो त्या सगळ्या सिनेमांचा. आणि ही गाडी? ही बिचारी चांगली ओरिजिनल होती, हिला आपण न्हाव्याची खुर्ची बसवली. आईने सीटच्या निळ्या कापडावरून हात फिरवला, छानच झालीय हो सीट म्हणाली, माझ्यासाठी एवढं केलंस, पाठ मुळीच दुखली नाही. त्यात खोटं काही नव्हतं. पण बोलता बोलता तिची नजर रस्त्याकडे गेली होती. पलीकडच्या स्टॉपवर बस येऊन उभी होती, रिकामी, दार उघडं, ड्रायव्हर खाली उतरून पाय मोकळे करत होता.

"मी हिने येऊ का?" आई म्हणाली. विचारतानाही आवाज असा, की दुकानात शिरलेल्या पोराने काचेच्या बरणीकडे बघू नये तरी बघावं.

जुन्या दिवसांत तिला याचं वाईट वाटलं असतं, अगदी कालच्या दिवसापर्यंत. तिने सीट बाहेर वळवली. आई दांड्याला धरून उठली, पिशवी आणि काठी घेऊन रस्ता ओलांडून गेली, स्टॉपवरच्या टोपलीवालीपाशी लिंबांसाठी थांबली. बसच्या पायऱ्या तिला झेपतील का, या धास्तीने ती मागोमाग निघणार तोच ड्रायव्हर जागेवर बसला, बसने फुस्स करून दाराकडची बाजू खाली घेतली, फुटपाथला टेकवली, आणि आई पाय फारसा न उचलता आत गेली. इतके महिने कापाकापी करून तिने गाडीत जे आणलं होतं ते शहराच्या बसमध्ये कधीचंच होतं. आईने खिडकी पकडली. हात हलवला नाही, इकडे पाहिलंही नाही, आणि ते किती बरोबर होतं.

परतताना तिने बस गाठली ती खाणीच्या वळणावरच. हॉर्नवर हात गेला होता, पण दिला नाही. गप्प पुढे निघून गेली. शेजारच्या उंच सीटवर कोणी नव्हतं आणि वारा तिच्यावरून मोकळा जात होता. घराजवळच्या स्टॉपच्या थोडं पुढे तिने गाडी लावली आणि उतरून उभी राहिली. बस आली. फुस्स करून वाकली. आई उतरली, आणि तोच चेहरा, कोरा, घरात कोणी नसावं तसा. ती जागची हलली नाही. आम्ही आधी आलो म्हणाली नाही, पुढे होऊन काठी धरली नाही, हाक मारली नाही. बस निघून गेली. आई स्टॉपवर उभी होती, निघून गेलेल्या बसकडे बघत, आणि ती आईकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच तो चेहरा आपोआप, आपल्या वेळाने, माणसांत परत येताना तिला दिसला. मिटला नाही. नुसता परत आला.

"आलीस वाटतं आधी?" आई म्हणाली.

तिने सीट बाहेर वळवली. आईने सीटकडे पाहिलं, समोर दिसणाऱ्या घराच्या फाटकाकडे पाहिलं, आणि हातातली पिशवी त्या निळ्या सीटवर ठेवली. पिशवीला पट्टा लाव, म्हणाली, आत लिंबं आहेत, आणि काठी टेकत चालायला लागली. तिने पट्टा लावला, दार ओढून घेतलं, पहिला गिअर टाकला आणि आईच्या बरोबरीने, आईच्या चालीने, गाडी फुटपाथच्या कडेने न्यायला लागली. क्लच अर्धा दाबलेला. हाफ क्लचवर चालवू नका, ओरिजिनलने बजावून सांगितलं होतं, प्लेट जळते. जळू दे, असं तिला वाटलं, आणि पाय तिने तसाच ठेवला.